गॅरेजमधला रिस्ट शॉट : एप्रिल ते ऑक्टोबर २०२५ च्या नोंदी

७ एप्रिल २०२५, मिसिसागा, कॅनडा

मोसम संपला. लेकीच्या आइस हॉकी संघाचे, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलींचे, सामने आटोपले. आता तिला नियमित बर्फ मिळणार तो थेट सप्टेंबरात. मधल्या काळात घरच्या गॅरेजमध्ये तिचा रिस्ट शॉट, म्हणजे स्टिक मागे न उचलता पक (रबरी चकती) पात्यावरून सोडायचा फटका, सुधारायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. त्याच्या या नोंदी.

हिवाळाभर एक गोष्ट खटकत होती. तिचं स्केटिंग चांगलं आहे, पकवर ताबा आहे, गोलसमोर मोकळी जागाही ती शोधते. पण तिचा शॉट सुटेपर्यंत समोरची गोलकीपर सावरून उभी राहिलेली असते, आणि पक जाऊन तिच्या पॅडवर नाहीतर छातीवर आदळतो. काचेमागून "शूट! शूट!" ओरडणाऱ्या पालकांना वाटतं, ही मारायला घाबरते. ती अजिबात घाबरत नाही. तिला मारायला वेळ लागतो. दुखणं वेगळं आहे, तेव्हा उपायही वेगळा हवा.

काल दुपारी अलेक्झांडर ओवेच्किनने एनएचएल या अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक लीगमध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध कारकिर्दीतला ८९५ वा गोल केला आणि वेन ग्रेट्झकीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. आम्ही सामना सोबतच पाहिला. गोल झाला तो त्याच्या नेहमीच्या जागेवरून, बर्फावर आखलेल्या डावीकडच्या वर्तुळातून. लेक म्हणाली, "बाबा, तो तिथूनच मारतो हे सगळ्यांना माहीत आहे ना? मग अडवत का नाहीत?"

फार चांगला प्रश्न आहे. जागा ठाऊक, मारणारा ठाऊक, तरी वीस वर्षं गोलकीपर चुकत आलेत. त्याच्याकडे वेग आहेच, पण वेगवान शॉट इतरांकडेही आहेत. झ्देनो खाराने २०१२ च्या ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत ताशी १०८.८ मैलांचा, म्हणजे १७५ किलोमीटरचा स्लॅप शॉट (स्टिक उंच उचलून आपटत मारलेला फटका) मारला होता, पण खारा बचावपटू, गोलांच्या यादीत तो ओवेच्किनच्या आसपासही नाही. पास येतो आणि तो स्टिकवर टेकेपर्यंत निघालेलाही असतो, ही ओवेच्किनची खरी करामत. उन्हाळ्यात आम्हाला याच दिशेने काम करायचंय.

१९ एप्रिल

गॅरेजची मांडणी झाली. मागच्या भिंतीला नियमाच्या मापाचा गोल, सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. त्यामागे ताडपत्री, आणि ताडपत्रीमागे जुना गालिचा टांगलाय, कारण पक भिंतीवर बसला की शेजारच्या घरातही ऐकू जातो. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, भरीव कडक रबराची चकती, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. चुकून कपाटाला लागला तर दार आत जातं. म्हणून गाडी बाहेर, रंगाचे डबे तळघरात, आणि हेल्मेटशिवाय कुणी आत यायचं नाही.

मारायची जागा म्हणजे आठ बाय चारची गुळगुळीत पांढरी प्लास्टिक शीट. इथल्या गॅरेजची जमीन पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती असते. पक आपोआप दाराकडे सरकत होता. शीटखाली प्लायवूड घातलं आणि प्लायखाली पाचरी मारून लेव्हल केली.

एक गोष्ट मी मुद्दाम जास्तीची केली. बर्फावर मूल स्केटवर उभं असतं, म्हणजे जमिनीपासून दोन-अडीच इंच उंच. गॅरेजमध्ये बूट घालून उभं राहिलं की तीच स्टिक उंचीच्या मानाने लांब होते आणि पात्याचं टोक जमिनीपासून उचललं जातं. त्या स्थितीत केलेला सराव बर्फावर उपयोगी पडत नाही. म्हणून तिला उभं राहायला दोन इंच उंचीची लाकडी फळी शीटच्या कडेला बसवली. पक खाली, ती वर. आता पातं सपाट टेकतं. गॅरेजमध्ये सराव करणाऱ्या कुणीही बाकी काही नाही केलं तरी एवढं करावं.

गोलपासून अंतर पाच मीटर मिळालं. तिथून वरच्या दांड्याखाली पक जायचा तर जमिनीपासून जेमतेम साडेतेरा अंशांचा कोन लागतो. तिला वाटत होतं, पक खूप "उचलावा" लागतो. कागदावर त्रिकोण काढून दाखवला तेव्हा म्हणाली, "एवढाच?"

३ मे

आज मोजणी. फोनवर सेकंदाला २४० चौकटी टिपणारा स्लो मोशन आहे, तोच वापरला. मी बाजूने पास द्यायचा, तिने मारायचं, आणि नंतर जेवणाच्या टेबलावर बसून चौकटी मोजायच्या.

दोन आकडे काढले. पहिला, पक पात्यावरून सुटल्यापासून जाळीत जाईपर्यंतचा. तो ८० चौकटींच्या आसपास आला. म्हणजे पाच मीटरला एक तृतीयांश सेकंद, ताशी ५४ किलोमीटर. बारा वर्षांच्या मुलीला हा वेग वाईट नाही.

दुसरा, माझा पास पात्याला लागल्यापासून तिचा शॉट सुटेपर्यंतचा. तो जवळपास २०० चौकटी. पाऊण सेकंदाहून जास्त.

या दोन आकड्यांवर मी बराच वेळ विचार केला. समजा उन्हाळाभर दंडबैठका काढून तिने वेग ताशी ५४ वरून ६२ वर नेला. पाच मीटरच्या प्रवासात त्याने वाचतात ०.०४ सेकंद. आणि पास घेऊन मारायचा वेळ निम्म्याला आणला, तर वाचतात ०.४ सेकंद. दहापट. गोलकीपर या दोन्ही वेळांच्या बेरजेत हलते. तिला शॉट वेगाचा आहे की लवकर सुटलाय याच्याशी कर्तव्य नाही, तिला तयार व्हायला किती क्षण मिळाले एवढंच तिच्या दृष्टीने खरं. इथल्या दुकानांत, शिबिरांत, व्हिडिओंत सगळा गाजावाजा वेगाचा असतो. मुलं रडार गन समोर रांगा लावतात. मला वाटतं या वयात ते घड्याळ उलट्या जागी लावलंय.

चौकटी पाहताना वेळ कुठे जातो तेही दिसलं. ती पक थांबवते. मग खाली बघते. मग पक मागच्या पायाच्याही मागे ओढते. मग पुढे आणते. या चार कामांची दोन कामं करायची आहेत.

१७ मे

आधी स्टिक. मागच्या मोसमात वाढत्या अंगाचा विचार करून तिला ६० फ्लेक्सची स्टिक घेतली होती आणि वरून दोन इंच कापली होती. फ्लेक्सचा आकडा म्हणजे दांडा मध्ये एक इंच वाकवायला लागणारं बळ, पौंडांत. दांडा कापला की तो आखूड होतो आणि आणखी ताठ लागतो. लेकीचं वजन ४३ किलो, म्हणजे ९५ पौंड. वजनाच्या निम्मा फ्लेक्स हा इथला रूढ आडाखा, म्हणजे ४७-४८. तिच्या हातात प्रत्यक्षात पासष्टच्या पुढचा दांडा होता. स्लो मोशनमध्ये तो वाकतच नव्हता.

आणि न वाकणाऱ्या स्टिकने रिस्ट शॉट होत नाही. आइस हॉकीत पकला जोर मिळतो तो दांडा वाकून सरळ होताना. खालचा हात दांड्यावर दाब देतो, पातं बर्फावर अडतं, दांडा मधोमध वाकतो आणि सुटताना पकला ढकलतो. धनुष्याची कामठी ताणली नाही तर बाण हाताने फेकल्यासारखाच जायचा, तसंच हे.

५० फ्लेक्सची ज्युनिअर स्टिक आणली, एक इंचही न कापता. स्केट घालून उभी राहिली की हनुवटीला लागते. टेप पात्याच्या टाचेपासून (दांड्याकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत गुंडाळला, वर मेण. पहिल्याच संध्याकाळी पक ७४ चौकटींत जाऊ लागला. कुठलाही व्यायाम न करता ताशी ५८ किलोमीटर. ती स्वतः दचकली. "बाबा, हिला काहीतरी वेगळंच आहे."

ही गोष्ट संघातल्या इतर पालकांना सांगायला हवी. महागडी ताठ स्टिक मुलांच्या हाती दिलेली मी दर आठवड्याला बघतो.

८ जून

वरचा हात.

मी खडकीत वाढलो, धनराज पिल्ले ज्या खडकीचे त्याच. शाळेत असताना मैदानी हॉकी खेळलो. त्या हॉकीत डावखुरी स्टिक नसतेच. सगळ्यांनी डावा हात वर, उजवा खाली धरायचा, आणि चेंडू स्टिकच्या सपाट बाजूनेच खेळायचा. इथे दोन्ही चालतं, आणि कॅनडात उजव्या हाताने लिहिणारी कितीतरी मुलं डावीकडून मारतात, कारण हुकमी हात वर ठेवायची पद्धत आहे. माझी लेकही तशीच, उजवा हात वर, डावा खाली. याचा मोठा फायदा झाला. आम्ही समोरासमोर उभे राहिलो की मी तिचा आरसा होतो. मी करतो ते ती जसंच्या तसं उचलते, डावं-उजवं उलटवायची गरज नाही.

मैदानी हॉकीतल्या ड्रॅग फ्लिकची आणि या शॉटची एक नाळ आहे. दोन्हींत चेंडू किंवा पक स्टिकवर बसवून सोबत न्यायचा असतो, टोला मारायचा नसतो. रिस्ट शॉटमध्ये पक पात्याच्या टाचेकडून टोकाकडे घरंगळत जातो. त्याने त्याला फिरकी मिळते, आणि फिरणारी चकती हवेत सपाट राहते. न फिरणारी डुचमळते आणि वाटेतच दम तोडते. लेकीच्या शॉटमधली फिरकी बघायला पकवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. स्लो मोशनमध्ये रेघ गरगर फिरली तर ठीक.

साम्य तिथे संपतं. आमच्या त्या लाकडी स्टिका वाकत नव्हत्या. इथे वाकवणं हाच गाभा आहे, आणि ते होतं वरच्या हाताच्या जागेवर. लेकीचा वरचा हात कमरेला चिकटलेला असतो. हात तिथे अडकला की स्टिक फिरायला जागा राहत नाही, मग ती सगळा शॉट खालच्या हाताने लोटते. हात शरीरापासून दूर, पुढे, छातीसमोर हवा. मग सुटण्याच्या क्षणी खालचा हात पुढे ढकलतो आणि वरचा हात स्वतःकडे खेचतो. दोन हात उलट दिशांना. सगळी चटकदार हालचाल त्या एका खेचण्यात आहे.

शब्दांनी सांगून जमेना. शेवटी तिच्या कोपराच्या आणि बरगडीच्या मध्ये छोटी उशी धरली आणि म्हटलं, ही उशी दाबली न जाता मार. दहा मिनिटांत हात सुटा झाला.

२१ जून

फार उकाडा. प्लास्टिक चिकट होतं, पक अडखळतो. सिलिकॉन स्प्रे मारला की थोडा वेळ बरं चालतं. गरम पक उसळतोही जास्त. व्यावसायिक सामन्यांत पक गोठवून ठेवतात ते याचसाठी. आम्ही पाच-सहा पक फ्रीजरमध्ये ठेवले, मटारांच्या पिशवीशेजारी.

१३ जुलै

या आठवड्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जमली: पक आत ओढून मारणं.

टोरंटोचा ऑस्टन मॅथ्यूज २०२३-२४ च्या मोसमात ६९ गोल करून गेला, त्यातल्या कित्येक गोलांत ही हालचाल दिसते. पक शरीरापासून लांब असतो. गोलकीपर त्या पकला अनुसरून आपली जागा पक्की करते. मग तो पात्याच्या टोकाने पक चटकन स्वतःच्या पायांकडे ओढतो आणि तिथूनच सोडतो. पक फूट-दीड फूट सरकला की गोलकीपरचा सगळा हिशेब चुकतो, ती ज्या रेषेवर उभी आहे ती रेषाच आता उरलेली नसते. समोर बचावपटू असेल तर तिच्या स्टिकलाही पक चुकवता येतो.

आमच्या कामाचा भाग असा, की आत ओढणं हीच स्टिक ताणण्याची क्रिया आहे. पक पायांजवळ आला की शरीराचं वजन आपोआप दांड्यावर येतं. मागे नेऊन पुढे आणायची गरजच पडत नाही. मे महिन्यात मोजलेल्या चार कामांतलं एक पूर्ण गळालं.

शीटवर दोन टेपच्या पट्ट्या मारल्या, बाहेरची आणि आतली. बाहेरच्या पट्टीवर पास घ्यायचा, आतल्या पट्टीवरून सोडायचा. पक पट्ट्यांच्या मध्ये कुठेही थांबला तर तो शॉट धरायचा नाही. आज बघता बघता १३० चौकटींवर आली.

आणखी एक नियम घालून घेतलाय. हात थकायच्या आधी थांबायचं. थकलेला हात जुनी सवय परत आणतो आणि मग तीच पक्की होते. तिला आणखी मारायचं असतं. तिला थांबवणं हे माझं काम.

२९ ऑगस्ट

गणपती बसलेत. गॅरेजमध्ये खुर्च्या, चपला, प्रसादाचे डबे. तरी संध्याकाळी आरतीआधी एक कोपरा मोकळा करून थोडं मारून घेतलं.

आई पुण्याहून आली आहे. बाजूला, सुरक्षित अंतरावर, तीही हेल्मेट घालून खुर्ची टाकून बसली. खडकीत आयुष्य गेलेली बाई, तिने हॉकी खूप पाहिलीय. थोडा वेळ गप्प बसून होती, मग म्हणाली, "अरे, ही मारायच्या आधी कोपऱ्याकडे डोळे नेते बघ. मला इथून कळतंय कुठे जाणार ते."

मी तीन महिने फोनमध्ये पात्याच्या चौकटी मोजत होतो आणि कॅमेरा कायम खाली लावलेला होता. आज तोंडाकडे लावला. आईचं म्हणणं शब्दशः खरं. शॉटच्या आधी डोळे लक्ष्याकडे जातात, एक क्षण तिथे थांबतात, मग पक सुटतो. चांगली गोलकीपर हे वाचणारच.

उपाय आईनेच सुचवला. "कोपऱ्यांना नंबर दे. पास तिच्यापर्यंत पोचताना नंबर ओरड. तिने मधेच बघायचं, गोलच्या मधोमध." चारी कोपऱ्यांत फडकी बांधली. आई नंबर ओरडते, मी पास देतो. लेक म्हणाली, "आजी, तू जरा लवकर सांग ना." आजी म्हणाली, "सामन्यात सांगणार आहे का कुणी लवकर?"

१४ सप्टेंबर

बर्फावरचा पहिला मोकळा सराव.

गॅरेजमधलं सगळं इथे उतरत नाही. बुटाला फळीवर पकड असते, मागच्या पायाने रेटा देता येतो. बर्फावर तसा रेटा दिला की पाय सटकतो. सुरुवातीला तिचे शॉट ढिले पडले आणि ती हिरमुसली.

मग वेगात सरकत असताना, पक ज्या बाजूला त्याच बाजूच्या पायावर, म्हणजे तिच्या डाव्या पायावर, वजन ठेवून मारायला लावलं. या पायावर उभं राहिलं की वजन स्टिकच्या बरोबर वर येतं, आणि दुसरा पाय हवेत मागे जाऊन तोल सांभाळतो. शिवाय स्केटिंगची लय तुटत नाही, म्हणून शॉट कधी येणार याचा सुगावा लागत नाही. पाय रोवून, उभं राहून मारणारी खेळाडू सगळ्या रिंकला सांगत असते की आता शॉट येतोय. तासाच्या शेवटी पक परत चुटकीसरशी सुटायला लागला. थंड बर्फावर तो पात्यावरून घरंगळताना होणारा बारीक खरखर आवाज प्लास्टिकवर कधी येत नाही. तो आवाज आला की दोघांनाही कळतं, शॉट बरोबर गेला.

कुठून मारायचं यावरही बोललो. महिलांच्या व्यावसायिक लीगच्या पहिल्या मोसमात, २०२४ मध्ये, टोरंटोच्या नॅटली स्पूनरने २४ सामन्यांत २० गोल करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता. तिचे गोल पाहिले की दिसतं, ती गोलच्या अगदी तोंडाशी असते. लांबून, निळ्या रेषेजवळून मारलेला सुंदर शॉट टाळ्या मिळवतो, पण तिथून गोलरेषा ६४ फुटांवर आहे. लवकर सुटणाऱ्या शॉटचा फायदा जवळूनच जास्त.

४ ऑक्टोबर

दुसरा साखळी सामना. फोन गॅलरीत ठेवून पूर्ण टिपला.

दुसऱ्या सत्रात उजवीकडून पास आला. बचावपटू मुलगी तिच्यासमोर, स्टिक पुढे धरलेली. लेकीने पक लांब घेतला, टोकाने आत ओढला, बचावपटूची स्टिक रिकाम्या जागेवर गेली, आणि पक बचावपटूच्या पायांमधून सुटला. गोलकीपरला तो दिसला तेव्हा तिचं वजन अजून दुसऱ्या पायावर होतं. ब्लॉकरच्या, म्हणजे तिच्या स्टिकच्या हातावरच्या सपाट ढालीच्या, खालून आत. डोळे सरळ समोर. घरी येऊन चौकटी मोजल्या: पास लागल्यापासून सुटेपर्यंत ११० च्या आसपास. अर्ध्या सेकंदाहून कमी.

शॉटचा वेग गॅरेजमधल्या शेवटच्या मोजणीत ७० चौकटी होता, म्हणजे ताशी ६२. वाढला, चांगलंच आहे. पण आजचा गोल त्या आठ किलोमीटरचा नव्हता, आणि ते तिलाही कळलंय. गाडीत म्हणाली, "जोरात नव्हता मारला, बाबा. फक्त ती तयार नव्हती."

त्याच सामन्यात तिचे आणखी शॉट अडवले गेले. एक तर सरळ काचेवर गेला. वरच्या कोपऱ्यासाठी पातं उघडं ठेवते तेव्हा अजून अंदाज चुकतो. खाली मारते तेव्हा पात्याचं टोक शेवटी लक्ष्याकडे, जमिनीलगत थांबतं, तेव्हा बरोबर जातं. वर मारताना हे टोक कुठे थांबावं यावर वेगळं काम लागेल.

१९ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. गॅरेज रिकामं केलं, शीट उभी करून ठेवली, फळी जागेवरच राहू दिली.

पुढचं काम बॅकहँड, म्हणजे पात्याच्या उलट्या बाजूने मारायचा शॉट. आधुनिक पातं वळलेलं असतं, १९६० च्या दशकात शिकागोच्या स्टॅन मिकिटा आणि बॉबी हलने वाकड्या पात्यांचा धडाका लावल्यापासून. नंतर नियम करून वळणाला मर्यादा घालावी लागली, व्यावसायिक लीगमध्ये बराच काळ अर्धा इंच आणि २००६ पासून पाऊण. या वळणाने पुढचा शॉट सोपा होतो आणि पाठीमागचा तितकाच अवघड, कारण पक पात्याच्या फुगीर बाजूवर टिकत नाही. मुलं म्हणून तो मारतच नाहीत, आणि गोलकीपर त्याची अपेक्षाच करत नाहीत. लेकीच्या पात्याला वळण कमी आहे, तेव्हा संधी आहे. इथेही पट्ट्या आणि चौकटी, पद्धत तीच.

स्लॅप शॉट तिला शिकायचाय, पण मी पुढच्या वर्षावर टाकलाय. त्यात स्टिक पकच्या जराशी आधी बर्फावर आपटून वाकवायची असते, आणि हात डोक्याजवळ जाऊन परत येईपर्यंत जो वेळ जातो तोच तर आम्ही सगळा उन्हाळा कमी करत होतो.

तिचं वजन परवा ४६ किलो भरलं. ५० फ्लेक्स अजून बसतो. उंचीही वाढलीय. स्टिक आता हनुवटीच्या खाली येते, म्हणून वरून लाकडी जोड बसवायचाय. जोड दिल्यावर दांडा किती मऊ लागतो ते शनिवारी मोजायचं.